बाहेरचे ४५ मिलिमीटर : नागपूरच्या हातांनी समुद्राकाठी बांधलेलं घर

नागपुरात काँक्रीटचं काम करणाऱ्याला दोनच काळज्या असतात : मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा आणि पायाखालची काळी माती. सळई गंजेल ही धास्ती बेसा-मानेवाड्याच्या ले-आउटमध्ये फारशी कोणी घेत नाही. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळया वर्षानुवर्षं उभ्या असतात, वरून तांबूस होतात आणि तारेच्या ब्रशने घासल्या की पुन्हा कामाला येतात. निवृत्तीनंतर दापोली-गुहागरच्या बाजूला जागा घेतलेली नागपूरची कुटुंबं आमच्याकडे येतात. नकाशा इथे काढला जातो, अनेकदा फिटर (सळई बांधणारे) आणि सेंट्रिंगवालेही इथूनच जातात. त्यांच्यासोबत इथली सवयही जाते, आणि तीच तिथे महागात पडते. या कामांत कोणत्या क्रमाने काय करावं लागलं, ते पुढे लिहितो आहोत. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि भरतीरेषेपासूनचं अंतर हा परवानगीचा वेगळा विषय आहे. पाया खणण्याआधी तो मिटलेला असावा, एवढंच इथे पुरे.

आधी कारण. चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो. अशा अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजू देत नाही. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. गंज सळईभर सारखा पसरत नाही, बारीक खोल खड्डे पडतात आणि सळई तिथेच बारीक होते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. काँक्रीट दाब झेलतं, ताण झेलत नाही, म्हणून सळईच्या रेषेत भेग पडते आणि पुढे अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो.

क्लोराइड दोन वाटांनी येतं. एक वाट आतून : पाणी, रेती, सळईवर बसलेलं मीठ. ती पूर्णपणे आपल्या हातात आहे. दुसरी बाहेरून, खाऱ्या वाऱ्याची. ती बंद करता येत नाही, लांबवता येते. क्लोराइड काँक्रीटमधून आत झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या जाडीच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिमीचं कव्हर ४५ मिमी केलं तर वेळ दुप्पटही होत नाही असं वाटतं, पण तो सव्वातीन पट होतो. या एका हिशेबाने आमचं सगळं नियोजन ठरतं. घराचं आयुष्य बाहेरच्या ४५ मिमीत आहे, आणि साइटवरचं प्रत्येक काम त्या जाडीची आणि तिच्या घट्टपणाची राखण करण्यासाठी आहे.

काँक्रीटच्या कामाची भारतीय मानक संहिता आयएस ४५६ : २००० हिच्यात वातावरणाचे पाच गट आहेत. नागपूरचं साधं घर सौम्य किंवा मध्यम गटात बसतं. किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट तीव्र गटात जातं : किमान एम-३० (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचं काँक्रीट), घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि कव्हर ४५ मिमी. लाटांचे तुषार थेट पोहोचत असतील तर अतितीव्र : एम-३५, ३४० किलो, ०.४५ आणि ५० मिमी. समुद्रापासून किती मीटरवर कोणता गट, हे संहिता सांगत नाही, तो निर्णय जागेवर उभं राहून घ्यावा लागतो. समुद्र समोर दिसतो आणि मध्ये झाडं-घरांचा आडोसा नाही, अशी पहिली ओळ आम्ही अतितीव्र धरतो. आडोसा असेल तर तीव्र. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेला आतला भाग मध्यम धरून ३० मिमीवर भागवायची मुभा आहे, पण ती आम्ही घेत नाही. कोकणातल्या घराच्या खिडक्या दिवसभर उघड्या असतात, तिथे आतला आणि बाहेरचा वारा एकच. एम-३५ किंवा त्यावरचं काँक्रीट वापरलं तर कव्हर ५ मिमीने कमी करायची सवलत आहे, तीही सोडलेली बरी.

या आकड्यांचा पहिला परिणाम नकाशावर होतो. नागपुरातली पाच इंची स्लॅब म्हणजे १२५ मिमी. तिच्यात ४५ मिमी कव्हर आणि १० मिमी सळईची अर्धी जाडी वजा केली की कामाची खोली ७५ मिमीच उरते. म्हणून स्लॅब १५० मिमी घ्यावी लागते, तेव्हा कुठे १०० मिमी हाती येतात. नऊ इंची कॉलमचीही तीच गत. २३० मधून दोन्ही बाजूंचे ४५ गेले की रिंगची (उभ्या सळयांना वेढणाऱ्या सळईची) बाहेरची रुंदी १४० मिमी राहते आणि त्या खोक्यात गिट्टी उतरत नाही. शिवाय भूकंपाच्या संहितेच्या, आयएस १८९३ च्या, २०१६ च्या नकाशात नागपूर भूकंपाच्या दुसऱ्या झोनमध्ये आहे, कोकण किनारा तिसऱ्या-चौथ्यात. तिथे भूकंप झेलणाऱ्या काँक्रीटचं मानक आयएस १३९२० लागू होतं आणि कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी लागते. रिंगचे हूक ९० अंशांत वळवायची इथली पद्धतही चालत नाही. १३५ अंश, आणि वळणापुढचा सरळ भाग सळईच्या व्यासाच्या सहापट पण किमान ६५ मिमी. नागपूरच्या फिटरला हे पहिल्याच दिवशी एक रिंग वाकवून दाखवावं. नंतर सांगितलं तर हजार रिंगा बदलाव्या लागतात.

पाणी आणि रेती यांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. एक घनमीटर काँक्रीटला १६५ लिटर पाणी लागतं असं धरा. ते समुद्राचं असेल तर ३.१ किलो क्लोराइड पहिल्याच दिवशी आत जातं. संहितेची मर्यादा लोखंडी काँक्रीटला घनमीटरमागे सर्व मिळून ०.६ किलो आहे. पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्या हिशेबाने १६५ लिटरमधून ८० ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे मर्यादेच्या बराच आत.

समुद्राचं पाणी कोणी मुद्दाम ओतत नाही. घोटाळा किनाऱ्यालगतच्या विहिरीत होतो. पावसाळ्यानंतर तिचं पाणी गोड असतं. उपसा वाढला आणि उन्हाळा चढला की त्यात खारं पाणी शिरतं. डिसेंबरात घेतलेला चाचणीचा कागद दाखवून एप्रिलमध्ये त्याच विहिरीचं पाणी मिक्सरला लावलं जातं. म्हणून चाचणी कामाच्या प्रत्येक टप्प्याआधी नव्याने करायची. साइटवर पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार मोजणारा, हातात धरायचा टीडीएस मीटर ठेवायचा. एकूण क्षारच ५०० च्या खाली असतील तर त्यातलं क्लोराइड ५०० च्या वर असूच शकत नाही, तेव्हा बिनधास्त वापरा. आकडा त्याच्या वर गेला तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत टँकरचं गोडं पाणी. जीभ लावून पाणी पारखणं इथे कामाचं नाही. ५०० ते १००० मधला फरक जिभेला नीट कळत नाही.

रेतीचा हिशेब याहून कडक आहे. घनमीटरला ७६० किलो रेती लागते. तिच्यात वजनाच्या ०.१ टक्का क्लोराइड असलं तरी ०.७६ किलो झालं, म्हणजे एकट्या रेतीनेच मर्यादा ओलांडली. खाडीची वाळू याच कारणाने बाद. ती दिसायला सुरेख आणि स्वस्त असते, आणि गावातला प्रत्येक जण ती सुचवतो. धुऊन वापरू म्हणणारे एखादा पाइप ढिगावर सोडतात, त्याने वरचं मीठ खालच्या थरात जाऊन बसतं, एवढंच. कन्हानच्या रेतीवर वाढलेल्या मिस्त्रीला क्रशरची (दगड फोडून केलेली) रेती आवडत नाही, फिनिशिंगला खरखरीत लागते म्हणून. पण तिथे काळ्या दगडाची, धुतलेली, रेती-गिट्टीच्या मानकात (आयएस ३८३) बसणारी क्रशर रेतीच घ्यायची. आलेल्या गाडीची झटपट पारख अशी : मूठभर रेती डिस्टिल्ड पाण्यात हलवून पाणी निवळू द्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकायचे. दाट पांढरा साका आला तर गाडी परत. किंचित धूसर झालं तर नमुना प्रयोगशाळेला. नळाचं पाणी या चाचणीला वापरू नये, त्यात मुळात क्लोराइड असतं. ढीग ताडपत्रीवर रचायचा आणि वरूनही झाकायचा, नाहीतर महिनाभरात खारा वारा त्याला पुन्हा खारट करतो. जोत्याच्या भरावात पुळणीची (समुद्रकिनाऱ्याची) वाळू टाकायची नाही. जमिनीतला ओलावा तिचं मीठ ओढून प्लिंथ बीमपर्यंत पोहोचवतो. भराव मुरमाचाच करावा.

सिमेंट निवडताना दुकानदार 'समुद्राजवळ आहे ना' म्हणत सल्फेट-रोधक सिमेंट पुढे करतो. ते इथे योग्य नाही. त्यात ट्रायकॅल्शियम अॅल्युमिनेट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. हाच घटक आत आलेल्या क्लोराइडपैकी काही बांधून ठेवतो. तो कमी झाला की मोकळं क्लोराइड सळईपर्यंत जास्त पोहोचतं. समुद्राकाठी पहिली पसंती स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या) सिमेंटला, आयएस ४५५ चं. ते मिळालं नाही तर राख मिसळलेलं सिमेंट, पीपीसी. नागपूरकराला पीपीसी ओळखीचं आहे, कोराडी-खापरखेड्याची राख इथे डोळ्यांसमोरच निघते. राख आणि स्लॅग दोन्ही काँक्रीटमधली छिद्रं बारीक करतात. पण हे काम सावकाश होतं आणि त्याला पाणी लागतं. तराई (काँक्रीट ओलं ठेवणं) अर्धवट सोडली तर स्लॅग सिमेंटचं काँक्रीट ओपीसीच्या, म्हणजे साध्या सिमेंटच्या, काँक्रीटपेक्षाही कच्चं राहतं.

एम-२० च्या वर ठोकळ प्रमाण चालत नाही, मिक्स डिझाइन करूनच घ्यायचं. एम-३० साठी प्रयोगशाळेत सरासरी ३८.२५ न्यूटनची ताकद गाठावी लागते. आमच्या एका घराचं घनमीटरचं प्रमाण असं होतं : स्लॅग सिमेंट ३८० किलो, पाणी १६५ लिटर, क्रशर रेती ७६० किलो, २० मिमी आणि १० मिमी गिट्टी मिळून ११५० किलो, आणि पॉलिकार्बोक्झिलेट प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) सिमेंटच्या ०.८ टक्के. गुणोत्तर ०.४३. ५० किलोच्या एका पोत्याला म्हणजे रेती १०० किलो, २० मिमी ९१ किलो, १० मिमी ६० किलो, प्लास्टिसायझर ४०० ग्रॅम आणि पाणी २१.७ लिटर. हे आकडे उचलून दुसरीकडे वापरू नयेत, दगड आणि रेती बदलली की पाणी बदलतं. प्लास्टिसायझर क्लोराइडविरहित असल्याचं कंपनीचं पत्र मागून घ्यावं.

गावाजवळ आरएमसी (तयार काँक्रीटचा कारखाना) नसेल तर वजनाने माल मोजणारा मिक्सर भाड्याने आणावा. फर्म्याने (मापाच्या खोक्याने) मोजलेली ओली रेती फुगते, चार-सहा टक्के ओलाव्याला तिचं आकारमान पाव हिश्श्याने वाढू शकतं, आणि मग रेती कमी पडून मिश्रण बिघडतं. रेतीतलं सुटं पाणीही वजा करायचं. १०० किलोत ३ टक्के सुटं पाणी असेल तर ३ लिटर आधीच आत आहेत, वरून १८.७ च घालायचे. मिक्सरवाला 'माल सुका वाटतो' म्हणून पाच लिटरची बादली उपडी करतो, तेव्हा गुणोत्तर ०.४३ वरून ०.५३ वर जातं. एवढ्या एका बादलीने तो घाणा (मिक्सरची एक खेप) समुद्राकाठच्या लायकीचा राहत नाही. माल सुका असेल तर प्लास्टिसायझर थोडं वाढवा, पाणी नाही. मिक्सरपाशी या एका कामासाठी भरवशाचा माणूस उभा करावा लागतो, आणि तो ठेकेदाराचा नसावा.

लोखंड फे ५०० डी ग्रेडचं. इपॉक्सी लावलेली सळई वाईट नाही, पण तिला जपणारी साइट आम्हाला क्वचितच मिळाली. वाकवताना, ओढताना, बांधताना थर खरवडतो आणि मग गंज सगळा त्या ओरखड्यावर एकवटतो. गंजरोधक म्हणून विकली जाणारी सीआरएस सळई थोडी उसंत देते, पण कव्हरची जागा घेत नाही. तोच पैसा आम्ही जास्त कव्हर आणि चांगल्या मिश्रणात घालतो. माल एकदम आणायचा नाही, पंधरा दिवसांत लागेल एवढाच. जमिनीपासून फूटभर वर लाकडावर ठेवून झाकायचा. वरवरचा तांबूसपणा चिंतेचा नाही, त्या तांबूसपणात अडकलेलं मीठ चिंतेचं आहे. म्हणून बांधून ठेवलेल्या सळया काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवायच्या. सळयांना सिमेंटचा घोल फासून ठेवायची रीत इथेही आहे आणि तिथेही, पण त्याने मीठ आत दाबलं जातं.

कव्हर सळईच्या नाही, रिंगच्या बाहेरून मोजायचं. कित्येक मिस्त्री मुख्य सळईपासून ४५ मोजतात, आणि ८ मिमीची रिंग प्रत्यक्षात ३७ वर येऊन बसते. प्लास्टरही कव्हरमध्ये धरायचं नाही. सळईखाली कव्हरसाठी ठेवायचे ब्लॉक त्याच मिश्रणातले, गिट्टीच्या जागी बारीक खडी घालून, किमान दोन आठवडे पाण्यात पिकवलेले हवेत. स्लॅबला दर ७५० मिमीवर एक धरला तर ११० चौरस मीटरला दोनशेच्या आसपास लागतात, तेव्हा ते वेळेआधी पाडून ठेवावेत. आयत्या वेळी फिटर गिट्टीचा तुकडा सरकवतो. तो चालताना निसटतो, आणि राहिलाच तर त्याच्याभोवती पाण्याला वाट मिळते. बांधायच्या तारेची टोकं आत वळवायची. एक टोक सेंट्रिंगला टेकलं तरी छतावर तपकिरी ठिपका उमटतो आणि तिथून ओल आत शिरते.

छज्जा हा सगळ्यात आधी जाणारा भाग आहे. त्याची मुख्य सळई वर असते. ओतताना मजूर तिच्यावर पाय देतो, ती खाली बसते, आणि मग छज्ज्याची ताकद आणि कव्हर दोन्ही बिघडतात. दर अर्ध्या मीटरवर चेअर (वरची सळई उचलून धरणारे टेकू) द्यायच्या आणि चालायला फळ्या टाकायच्या. खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून ड्रिपची खाच ठेवतात. ती १२ मिमी खोल असेल तर तिथलं कव्हर १२ मिमीने घटतं, म्हणून कडेची जाडी तेवढी वाढवून घ्यायची. हा बारकावा नकाशावर लिहिलेला क्वचितच दिसतो. विजेचे पाइप स्लॅबच्या दोन जाळ्यांच्या मध्ये न्यायचे, खालच्या जाळीखालून नाही. पंख्याचे हूक साध्या सळईचे वाकवू नयेत, स्टेनलेसचे घ्यावेत. हूकचा खालचा भाग उघडाच राहतो, आणि गंज त्याच्याच वाटेने स्लॅबमध्ये चढतो.

पायाला जमिनीतलं पाणी खारं असेल तर ७५ मिमी कव्हर, नसेल तर किमान ५०. खाली १०० मिमी पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), आणि तराई संपून फुटिंग सुकल्यावर भराव करण्याआधी डांबरी लेपाचे दोन हात. जांभ्याची घट्ट जमीन लागली तर नागपूरच्या काळ्या मातीतल्या पाइलची आठवणही येत नाही. हा टप्पा तिथे सोपा आहे.

ओतण्याचा दिवस. ११० चौरस मीटर स्लॅब आणि बीम मिळून साधारण २२.५ घनमीटर, म्हणजे एक पोत्याचे १७१ घाणे. एका घाण्याला चार मिनिटं धरली तर एका मिक्सरवर साडेअकरा तास. त्यामुळे दोन मिक्सर लावायचे, आणि एक बंद पडला तर थांबायचं कुठे हे आधी ठरवून ठेवायचं. सांधा समुद्राकडच्या कडेला किंवा छज्ज्यात कधीच यायला नको. स्लंप, म्हणजे साचा काढल्यावर ताजा माल किती खाली बसतो ते माप, ७५ ते १०० मिमी. ताकद तपासायच्या क्यूबसाठी (ठोकळ्यांसाठी) इतक्या मालाला तीन नमुने, प्रत्येकी तीन, असे नऊ. व्हायब्रेटरची ४० मिमीची निडल साधारण फुटाफुटावर, दहा-पंधरा सेकंद, सरळ आत आणि सावकाश बाहेर. कडेच्या पाट्यांजवळ घाई होते आणि तिथेच हनीकोम (पोळ्यासारखी पोकळी) निघतं. खरं तर कड म्हणजे आपले तेच ४५ मिमी. मधल्या भागात एखादा फेरा कमी पडला तरी निभतं, कडेला निभत नाही.

तराईबाबत दोन गैरसमज भेटतात. पहिला असा, की समुद्राची हवा दमट असते, म्हणून पाणी कमी लागतं. प्रत्यक्षात दुपारचा वारा ताज्या स्लॅबचं पाणी उडवून नेतो आणि तासा-दोन तासांत वर केसासारख्या भेगा दिसू लागतात. फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरायचं, घट्ट झाल्यावर पाण्याचे वाफे. संहिता ओपीसीला सात दिवस, स्लॅग-राखेच्या सिमेंटला किमान दहा आणि शिफारस म्हणून चौदा दिवस सांगते. तिथे चौदाच धरायचे. कॉलमला ओल्या पोत्यांवर प्लास्टिक गुंडाळायचं, त्याने ओल टिकते आणि कोवळ्या काँक्रीटवर खारा वाराही बसत नाही. दुसरा गैरसमज असा, की तराईला कोणतंही पाणी चालतं. मचूळ पाणी रोज शिंपडलं तर पाणी उडतं, मीठ राहतं, दुसऱ्या दिवशी आणखी मीठ. चौदा दिवसांत आपणच त्या ४५ मिमीत मीठ भरत जातो. मिक्सरला टँकर आणि तराईला शेजारची विहीर, ही काटकसर आम्ही स्पष्ट नाकारतो.

स्लॅग सिमेंटची सात दिवसांची क्यूब-ताकद ओपीसीपेक्षा कमी दिसते. घरमालक घाबरतो, पण निकाल २८ दिवसांचा पाहायचा. याच कारणाने सेंट्रिंगही उशिरा काढायचं. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू सात दिवसांनी काढायची मुभा ओपीसीसाठी आहे. आम्ही चौदा ठेवतो, मोठ्या गाळ्याला आणि बीमना एकवीस. फळ्या निघाल्या की त्याच दिवशी प्रत्येक कड तपासायची. हनीकोम दिसलं तर मिस्त्रीला त्यावर सिमेंटचा घोल फासू द्यायचा नाही. ठिसूळ भाग छिन्नीने घट्ट काँक्रीटपर्यंत काढा, धुवा आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. पोकळी सळईपर्यंत गेली असेल तर सळईच्या मागे २० मिमी मोकळं करून मायक्रो काँक्रीट. शंका असेल तर कव्हर मीटर भाड्याने मिळतो, अर्ध्या दिवसात घरभरच्या कव्हरचा नकाशा हाती येतो. प्लास्टरआधी केलेलं बरं.

आता गच्चीवरच्या त्या सळया. नागपूरचा मालक हमखास सांगतो, मुलाला वरचा मजला बांधायचा आहे, कॉलमच्या सळया सोडा. समुद्राकाठी हे करू नये. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या सोलवटायला लागतात आणि गंज सळईच्या मुळातून खालच्या कॉलममध्ये उतरतो. मजला खरोखर येणार असेल तर कॉलमच्या डोक्यात कपलर (सळया जोडायच्या नळ्या) बसवून, त्यात ग्रीस आणि टोपी घालून वर एम-३० चा थर द्यावा. नाहीतर पुढे रासायनिक अँकरने सळया बसवता येतात. बांधकाम चालू असतानाही हाच नियम आहे. नोव्हेंबरला पाया सुरू केला तर मार्चपर्यंत स्लॅब व्हायला हवी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल तेव्हा एकही सळई उघडी नको.

रेलिंगची बेस प्लेट स्लॅबच्या सळईला वेल्ड करायची रीतही सोडायला हवी. बाहेरच्या लोखंडाचा गंज थेट आतल्या सळईला जोडला जातो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, स्टेनलेसच्याच बोल्टने, सळईला न टेकता बसवायचं. रंगाआधी उघड्या काँक्रीटवर सिलेनचा पाणी न शिरू देणारा हात द्यावा, पण पृष्ठभाग कोरडा असताना. ओल्यावर तो आत जिरत नाही.

राहायला गेल्यावर एक काम दरवर्षी करायचं आहे. पाऊस ज्या भागांना धुतो तिथे मीठ साचत नाही. छज्ज्याखाली, बाल्कनीच्या पोटाशी, पार्किंगच्या छताला पाऊस लागत नाही, आणि वर्षभराचं मीठ तिथेच बसतं. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात या जागा गोड्या पाण्याच्या पाइपने धुवायच्या. धुताना टॉर्च घेऊन सळईच्या दिशेने जाणारी रेषेसारखी भेग, तपकिरी ओघळ आणि ठोकल्यावर पोकळ वाजणारी जागा शोधायची. असं काही दिसलं तर फक्त तेवढाच पोपडा काढून भरू नका. नवीन मॉर्टरशेजारच्या जुन्या, खारावलेल्या काँक्रीटमधली सळई लवकर गंजू लागते आणि दोन-तीन वर्षांत भेग ठिगळाच्या कडेला पुन्हा उमटते. आधी आसपासच्या काँक्रीटचा चुरा ड्रिलने १० मिमीच्या टप्प्यांत काढून क्लोराइड तपासून घ्यावं. ते सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या जवळ गेलेलं असेल तर तिथपर्यंतचा भाग उघडून, सळईमागे २० ते २५ मिमी मोकळं करून दुरुस्ती करायची.